पाठवणी

मृग लागतो आणि फोन सुरू होतात. "ताई, यंदा दिवाळीला काही देताय ना?" बाहेर जळगावचं ऊन अजून पुरतं उतरलेलं नसतं. पहिल्या सरीनं अंगणातून उठलेली गरम वाफ खिडकीतून आत येत असते, ओट्यावर लोणच्यासाठी फोडलेल्या कैऱ्या हळद-मीठ लावून ठेवलेल्या असतात, आणि पलीकडचा माणूस थेट आश्विनातलं बोलत असतो. मराठीत लिहिणाऱ्यांची दिवाळी अशी ज्येष्ठ-आषाढातच दाराशी येते. जुलैअखेर मजकूर हाती पडायला हवा, मग तो लागणार, मुद्रितं तपासली जाणार, चित्रकाराकडे पानं जाणार, शिवाय जाहिरातींची धावपळ. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. त्यांनीही लेखकांमागे पावसाळ्यातच तगादा लावला असणार, असं मला दरवर्षी या दिवसांत वाटतं.

फोन फार थोड्यांना येतात. मलाही ते आताशा येऊ लागले. बाकीच्यांसाठी अंकाच्या नाहीतर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट असते, साहित्य पाठवण्याच्या आवाहनाची. मजकूर अप्रकाशित असावा, युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा, पीडीएफ पाठवू नये, निवडीबाबत संपादकांचा निर्णय अंतिम राहील. कितीतरी वर्षं मी त्या चौकटीच्या आधारानं लिहिलं. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तारीख. नावाजलेल्याला आणि नवख्याला ती एकच असते. आपल्या लिहिण्याची वाट पाहणारं घरात, ऑफिसात, नात्यागोत्यात सहसा कुणी नसतं. भाजी करायची राहिली तर चार जण विचारतात, गोष्ट लिहायची राहिली तर कुणी विचारत नाही. अशा वेळी कुठल्याशा अनोळखी संपादकानं छापलेली ती तारीख तेवढी आपली चौकशी करते. तिचे माझ्यावर उपकार आहेत.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यातल्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडायची घरची जुनी पद्धत आहे. लाल फुली म्हणजे दूध आलं नाही, फुलीशेजारी आकडा म्हणजे जादा घेतलं, गॅसचं सिलिंडर लावलं की तारखेभोवती गोल. ही सगळी मांडणी सासूबाईंची. त्याच चौकोनांच्या खालच्या कोपऱ्यात मी शिसपेन्सिलीनं एक बारीक रेघ मारते. रेघ म्हणजे आज लिहायला बसले. किती लिहिलं, बरं लिहिलं की टाकाऊ, याची नोंद तिथे नसते. महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशोब करताना त्या रेघाही नजरेखालून जातात. मार्चमध्ये, कुणाच्या आजारपणात, लग्नसराईत त्या विरळ होतात. मध्येच एखादा आठवडा सलग रेघांचा असतो, आणि तो कुठल्या गोष्टीचा होता ते लगेच आठवतं. एका श्रावणात पंधरवडाभर एकही रेघ नव्हती. तेव्हा सासूबाई, ज्यांनी माझं छापलेलं क्वचितच वाचलं होतं, कॅलेंडरासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुझे खाडे फार झाले गं या खेपेला." एवढंच बोलून त्या देवघरात गेल्या. मी त्या रात्री बसले.

त्याआधी मी शब्द मोजायची. रोज इतके शब्द, वर्षाला इतक्या कथा. माझ्या ओळखीच्या प्रत्येक लिहिणाऱ्याकडे अशी एक वही आहे, जिच्या पहिल्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प सुंदर अक्षरात मांडलेले असतात. अमुक मासिकात कथा यावी. यंदा संग्रह निघावा. अगदी आतून आलेली वाक्यं असतात ती, आणि त्यांच्याबद्दल मला प्रेमच आहे. पण ती पुरी होणं दुसऱ्यांच्या हाती असतं. अंकाची पानं किती, त्यातली जाहिरातींनी किती घेतली, कागदाचा भाव काय झाला, आपल्याच विषयावरची दुसऱ्या कुणाची कथा संपादकाच्या टेबलावर आधीच येऊन पडली आहे का, यातलं काही आपल्याला कळत नाही आणि कळून करण्यासारखंही काही नसतं. आपल्या हाती बसणं आहे, पुरं करणं आहे आणि पाठवणं आहे. लेखनाच्या शिबिरांत पहिल्या दोहोंबद्दल पुष्कळ बोललं जातं. तिसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत जड जातं.

लिहून झाल्यावर गोष्ट काही दिवस लोणच्यासारखी मुरू द्यावी, हे मला पटतं. मात्र "मुरायला ठेवलीय" म्हणता म्हणता वर्ष सरतं, आणि मग बरणी उघडायचाच धीर होत नाही. असं का व्हावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नकाराचं भय असतंच, पण ते तितकंसं मोठं नाही. घरात असलेल्या गोष्टीत अजून काहीही होऊ शकतं. तिचा शेवट बदलू शकतो, त्यातली थोरली बहीण आणखी उभी राहू शकते, सुरुवातीचा पाऊस काढून टाकता येतो. पाठवली की ती जेवढी झाली आहे तेवढीच राहते. स्वतःच्या लिहिण्याची ही शीव पाहायची तयारी लागते, आणि ती दर वेळी नव्यानं करावी लागते. सवयीनं ती सोपी होईल असं वाटलं होतं, तसं मला तरी आढळलं नाही.

पण पाठवायचं ठरलं की वाचणंही बदलतं. कालपर्यंत मी माझीच होऊन वाचत असते. आता नांदेडला, बेळगावला, बडोद्याला बसलेलं कुणीतरी माझ्याबरोबर वाचू लागतं. त्या माणसाला माझी आत्या माहीत नाही. 'आत्या करारी होती' हे त्याला पुरत नाही. ती दुपारी झोपतानाही कोठीच्या किल्ल्या कमरेलाच ठेवायची, आणि कूस बदलली की त्या वाजायच्या, हे मग लिहावं लागतं. माझ्या लिखाणातलं जे काही बरं आहे, त्यातलं पुष्कळसं पाठवायच्या आदल्या एक-दोन रात्रींत सुचलेलं आहे. पाठवायचं नसतं तर ते सुचलंच नसतं. म्हणून छापून येवो न येवो, पाठवणं हा मला लिहिण्याचाच भाग वाटतो.

मी सुरुवात केली ती टपालाच्या दिवसांत. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास दुमडून घ्यायचा, खाली कार्बन लावून दुसरी प्रत. डाव्या कोपऱ्यात टाचणी. पोस्टाच्या खिडकीत पाकीट काट्यावर ठेवलं जायचं, तेव्हा आपली एवढी रात्रंदिवसाची मेहनत इतकी हलकी भरावी याचं नवल वाटायचं. आणि पाकिटात आणखी एक पाकीट असायचं, आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं. काही आठवड्यांनी पोस्टमननं आपल्या अक्षरातलं पाकीट हातात ठेवलं की उघडायच्या आतच कळायचं. आत तेच कागद, त्याच घडीवर पुन्हा मोडलेले, टाचणीच्या जागी तांबूस डाग, आणि वर छापील चिठ्ठी, 'साभार परत'.

एकदा अशा चिठ्ठीच्या पाठीमागे निळ्या शाईत एक ओळ होती. "शेवटचं पान काढून वाचून पाहा." सही नव्हती. ते शेवटचं पान मला फार प्रिय होतं, आणि ते काढावं असं मला आजही वाटत नाही. पण कुठल्याशा कचेरीत, कागदांच्या चळती बाजूला सारून, माझ्याशी काडीचा संबंध नसलेल्या एका माणसानं माझी कथा शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. नुसती वाचली नव्हती, तिच्यावर विचार केला होता. ती चिठ्ठी कितीतरी दिवस माझ्या पर्समध्ये होती. पुढची कथा लिहिताना मी त्या निळ्या शाईच्या माणसाला समोर बसवलं आणि ती कथा त्याच मासिकाकडे पाठवली. तीही परत आली, कोऱ्या चिठ्ठीसह. तरी त्या माणसाशी माझं नातं तुटलं नाही.

मराठीत अशा ओळी लिहिणारी माणसं होऊन गेली, हे आपलं भाग्य. 'सत्यकथा' मासिक १९३३ साली सुरू झालं आणि १९८२ साली बंद पडलं. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात तिथे कथा पाठवणं हीच एक शाळा होती. पटवर्धन नव्या लेखकांना पत्रं लिहीत, कुठे काय कमी पडतं ते सांगत, पुन्हा लिहून मागत. माझ्या पिढीला ते दार मिळालं नाही, वडीलधाऱ्या लेखकांकडून नुसतं ऐकायला मिळालं. 'सत्यकथे'कडून परत आलेली कथा लोक वर्षानुवर्षं जपून ठेवत, हेही त्यांच्याचकडून कळलं. त्याच 'सत्यकथे'चा अंक १९६९ साली काही तरुणांनी जाळला, हाही इतिहास आहे. आपलं जगणं आणि आपली भाषा या पानांत मावत नाही, असं ज्यांना वाटलं त्यांनी स्वतःची अनियतकालिकं काढली, सायक्लोस्टाइल करून, पदरमोड करून. एका दारावर थाप मारत राहणारे आणि दुसरं घरच बांधणारे, दोघंही मला मनानं जवळचे वाटतात. कुणीही आपलं लिखाण घरात ठेवलं नाही.

आता पाकीट गेलं, ईमेल आली. पोच मिळाली तर मिळाली. 'निवड झाल्यासच कळवू' असं आधीच लिहिलेलं असतं. मग दिवाळीच्या आधी अंक स्टॉलवर येतात, आणि बसस्टँडजवळ उभ्यानं अनुक्रमणिका उघडून आपण नावांवरून बोट फिरवत जातो. शेवटच्या नावापर्यंत बोट जातं. अंक मिटून मागे ठेवावा लागतो, किंवा विकत घ्यावा लागतो. मी बहुधा घेते. हे मौन 'साभार परत'पेक्षा सोसायला कठीण आहे. संपादकांची बाजू मला ठाऊक आहे. पुष्कळ अंक एक-दोन माणसांच्या जिवावर निघतात, त्यांनी नोकरी सांभाळून वाचायचं असतं, जाहिरातींसाठी दारोदार फिरायचं असतं. तरीही दोन शब्दांचं उत्तर यावं, असं मला मनापासून वाटतं. कुणीतरी कुठेतरी रात्र-रात्र जागून ते लिहिलेलं असतं.

या मौनावर मला एकच उपाय सापडला, तो म्हणजे एक गोष्ट गेली की तिच्या मागोमाग दुसरी काढून बसणं. नवी नसेल तर जुनी, अर्धवट पडलेली. वाट एकाच गोष्टीची पाहत बसलं की ती वाट फार लांब होते. त्यासाठी एक लांबट वही आहे, किराणा दुकानात असते तसली, लाल पुठ्ठ्याची. काय पाठवलं, कुठे, कधी, काय झालं, असे रकाने. चौथा रकाना बराचसा रिकामा आहे. छापून आलेल्या कात्रणांची फाइलही आहे, पण मन खचलं की मी उघडते ती वही. तिच्यात माझं गेल्या कैक वर्षांचं धाडस ओळीनं लिहिलेलं आहे.

जळगावात राहून या गोष्टींचा विचार करताना नारायण नरसिंह फडणीस आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी १८८७ साली याच गावातून 'काव्यरत्नावली' सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, तेही खानदेशातून. त्या काळी टपालानं इथे कविता येत, इथे लागत आणि इथून महाराष्ट्रभर जात. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या. केशवसुत १९०५ साली गेले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. तो पुढे हरिभाऊ आपट्यांनी काढला. म्हणजे जिवंतपणी त्यांना जो काही वाचक लाभला तो मासिकांतून, पाठवलेल्या एकेका कवितेतून. शिक्षकाची तुटपुंजी नोकरी, एका गावाहून दुसऱ्या गावी बदल्या, घरचं दारिद्र्य, आणि त्यातून कविता पोस्टात टाकणं. कधीतरी पुस्तक होईल म्हणून ते थांबले असते तर? धरणगावच्या ठोमरे घराण्यातला मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला आणि 'बालकवी' झाला. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला. संग्रह त्यांनीही पाहिला नाही. भुसावळकडे जाताना भादली आलं की मी खिडकीबाहेर पाहते. पाहण्यासारखं तिथे काही नाही.

आणि ज्या गावात कवितेचं हे मासिक निघत होतं, त्याच गावात त्याच वर्षांमध्ये बहिणाबाई चौधरी शेतात, जात्यावर, चुलीपुढे ओव्या रचत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि त्याच्या मावसभावानं जेवढं कानांवर पडलं तेवढं वहीत उतरवलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. मग ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. आपण सगळे ती कथा आनंदानं सांगतो. माझं मन मात्र उतरवून न घेतलेल्या ओव्यांपाशी अडकतं. वहीत आल्या त्याहून कितीतरी जास्त असतील, त्या वाऱ्यावर गेल्या. कुणी पाठवल्या नाहीत, कारण त्या पाठवण्यासारख्या आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाला कवी अरुण कोलटकर. छापायची घाई त्यांना कधीच नव्हती. 'जेजुरी'चं हस्तलिखित त्यांनी एका छोट्या मासिकाकडे पाठवलं आणि ते तिथे गहाळ झालं. त्यांनी ते पुन्हा लिहिलं, आणि १९७४ साली ते 'ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली'त आलं. हे जेव्हा वाचलं तेव्हा मला गहाळ होण्यापेक्षा त्या पुन्हा लिहायला बसण्याचं मोल वाटलं. त्यांच्या टेबलाशी त्या पहिल्या रात्री काय घडलं असेल? पहिली ओळ तीच आठवली असेल की वेगळी आली असेल?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. मुलांच्या वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून केलेल्या वह्यांत त्या लिहितात. ते मला ठाऊक झालं गेल्या वर्षी, पाण्याची टाकी भरून वाहिली आणि वह्या वाळत घालायला मी मदतीला गेले तेव्हा. गच्चीत दगडांखाली दाबलेली पानं वाऱ्यानं फडफडत होती, आणि मी उकिडवी बसून वाचत होते. सावदा स्टेशनवर केळीच्या वाघिणी भरल्या जायच्या, त्याचं वर्णन होतं. खाली केळीची पानं कशी अंथरायची, घडाला घड लागून काळे पडू नयेत म्हणून मध्ये काय घालायचं, बैलगाड्यांची रांग कुठवर जायची, आणि गाडी सुटल्यावर रिकाम्या गाड्या घेऊन परतणाऱ्या माणसांना येणारी ती एकदमची भूक. हे मी इतकं बारकाईनं लिहिलेलं कुठे वाचलेलं नाही.

"काकू, हे पाठवा," मी म्हटलं.

"मले काय करायचं छापून? ज्यांची गोष्ट हाये ते सगळे गेले."

वर्षभर मी त्यांच्या मागे आहे. कधी जिन्यात, कधी मंडईतून येताना. त्यांना लहान मुलासारखं पटवायचं मला नाही, आणि त्यांच्या न पाठवण्यालाही मान आहे, असं मी स्वतःला सांगते. तरी गच्चीवरची ती पानं डोळ्यांपुढून हलत नाहीत. यंदा मृगाच्या आसपास त्या आपणहून म्हणाल्या, टाइप करून दे, पण माझं नाव नको. माहेरच्या वाटण्या अजून कोर्टात आहेत, कुणाला काही वाटायला नको. मी त्यांना मालतीबाई बेडेकरांचं सांगितलं. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं, आणि ही बाई कोण म्हणून केवढं वादळ उठलं होतं. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. दोन दिवसांनी खाली आल्या आणि म्हणाल्या, टोपणनाव नको, आईचं नाव घाल. वाघिणींचं सगळं आईनं सांगितलेलं. आई शाळेत गेली नव्हती. "गोष्ट तिनं सांगितली, मी फक्त उतरवली. मग लिहिणारी कोन? तूच सांग."

मला ते सांगता आलेलं नाही. नावाची ओळ कोरी ठेवून मी टायपिंगला लागले आहे. काकूंचं अक्षर वळणदार आहे, पण ओल लागलेल्या पानांवर शाई फुटलीय, एकेका शब्दासाठी वर जाऊन विचारावं लागतं. त्या सांगतात, आणि सांगता सांगता वहीत नसलेलं आणखी काही सांगतात, तेही मी लिहून घेते. आज पानं अंथरून झाली आहेत, पहिली वाघीण अर्धी भरलीय.